सुकाण्याने परत म्हणावं

४ मार्च

चि. टिकलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आधी तब्येतीची हजेरी घेतो, मग भांडायला बसतो. वहिनींचा खोकला उतरला का? वाफ घेतात, की भांडं समोर ठेवून नुसत्या गप्पा मारतात? जावईबापूंची पाठ कशी आहे? दिवसभर वाकून लोकांच्या कवळ्या घासायच्या म्हणजे पाठ कुरकुरणारच. त्यांना म्हणावं, तासाभराने उठून खिडकीशी उभे राहत जा. धाकटीचे पुढचे दोन दात आले का, की बापाने स्वतःच्या टेबलावरचेच बसवून दिले? आणि तुझी डोकेदुखी थांबली का? थांबली नसणार, कारण तुझं पत्र वाचून माझंच दुखायला लागलं. इकडे जिना चढताना तुझ्या काकूचे गुडघे बोलतात आणि उतरताना काकू बोलते. मी ठीक. डाव्या डोळ्यात ढग आहे, उजवा स्वच्छ.

आता तुझ्या साहेबांकडे वळतो. गाद्यांच्या कारखान्यात जहाजाचं चाक! तुमच्या गावापासून खारं पाणी रेल्वेने एका दिवसाच्या अंतरावर. थोरले मालक आयुष्यभर कापूस आणि काथ्या यांपलीकडे काही बोलले नाहीत, आणि पोरगा पंधरा दिवसांचा कसलासा वर्ग करून परत आला तो थेट कप्तान होऊन. जेवणाच्या खोलीला डेक म्हणायचं, नव्या माणसाला उतारू म्हणायचं, आणि बैठकीच्या दालनाचं नाव सुकाणू. वर भिंतीला पितळी चाक, सहा स्क्रूंनी आवळलेलं. न फिरणारं चाक लावणारा कप्तान मी बेचाळीस वर्षांत पाहिला नाही. आमच्या फेरीबोटीवर असं चाक निघालं असतं तर हुकूम देणाऱ्या तांडेलाने ते बसवणाऱ्याच्याच गळ्यात अडकवलं असतं.

दालनाच्या भिंतींवर लावायला रोजच्या बोलण्यात आलेले दर्यावर्दी शब्द हवेत म्हणतेस. मी शाळेत चार इयत्तांपलीकडे गेलो नाही. पुस्तकात काय छापलंय ते पुस्तकवाल्यांनी बघावं. मी हाताखालून गेलेलं तेवढं सांगतो.

नवऱ्याच्या मनाचा थांग लागत नाही अशी तुझी नेहमीची तक्रार. थांग म्हणजे पाण्याचा तळ. आमच्याकडे दोरीला शिशाचा गोळा बांधून सोडायचे. गोळ्याच्या बुडाला खळगा, त्यात चरबी माखलेली. तळाला टेकला की चरबीला वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा चिकटून वर यायचा. किती खोल ते दोरी सांगे, आणि खाली काय आहे ते चरबी सांगे. म्हातारे तांडेल ती वाळू चिमटीत चोळून, हुंगून, आपण कुठे आहोत ते ओळखत. म्हणजे थांग लावायला बोटं बरबटून घ्यावी लागतात. तुझा साहेब एसी खोलीत बसून लोकांच्या मनाचा थांग लावतो म्हणे! लावू दे.

तड म्हणजे काठ. काम तडीस नेलं म्हणजे काठाला आणून लावलं. हल्ली लोक मधल्या पाण्यातच हार घालून घेतात. शिडात वारा भरला असं भाषणात ऐकलं की मला हसू येतं. वारा अगदी पाठीमागून आला की सगळे खूश आणि सुकाणू धरणाऱ्या सुकाण्याला घाम. हात जरा चुकला की शीड सपकन दुसऱ्या बाजूला फिरतं आणि त्याचा आडवा वासा समोर येईल त्याचं डोकं फोडतो. नांगराचंही तेच. नांगर जड म्हणून जहाज थांबतं असं सगळे समजतात. निम्मं काम तळाशी आडव्या पडलेल्या साखळीचं असतं, पण चित्रात काढतात फक्त नांगर.

आणि सुकाणू. जुन्या होडीला चाक नव्हतं, मागे लाकडी दांडा असायचा. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जायची. तुझ्या साहेबाला एकदा अशा होडीत बसव आणि लांबून गंमत बघ.

एवढं पुरे. बाकीचे शब्द मी राखून ठेवलेत. ऐकणारा त्या लायकीचा दिसत नाही. लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझा,
काका

---

११ मार्च

ती. काकांच्या चरणी,
टिकलीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आईचा खोकला गेला, पण वाफेचं भांडं अजून उशाशी असतं. गप्पांना निमित्त हवं ना! धाकटीचा एक दात आला, तोही तिरका. बाप रोज सकाळी त्याच्याकडे धंद्याच्या नजरेने बघतो. काकूंना गुडघ्यांसाठी छोटी उशी पाठवते आहे. आमच्याच कारखान्यातली आहे, तेव्हा फार दिवस टिकेल अशी आशा ठेवू नये.

तुमचे शब्द साहेबांना दाखवले. चरबी त्यांनी काढून टाकली. किळसवाणी वाटते म्हणाले. साखळीही काढली, कारण लांबण लागते. दांड्याची गोष्ट तर वाचलीच नाही. उरलं ते चकचकीत कागदावर छापून भिंतीवर गेलं. आता विक्रीवाले उठता-बसता नांगर टाकतात. परवा कुणीतरी चहा सांडला, तर साहेब म्हणाले की जहाजात पाणी शिरलं. सगळे हसले. मीसुद्धा हसले काका, पगार त्याचाच मिळतो.

पण आता जे लिहिते त्यात हसण्यासारखं नाही. कारखान्यात तिसरी शेड आहे. परत आलेल्या गाद्या तिथे उसवतात, कापूस पिंजून पुन्हा भरतात, काठ शिवतात. एकोणीस माणसं आहेत, पैकी अकरा बायका. त्यांतल्याच आमच्या काठवाल्या मावशी. मी सोळा वर्षांपूर्वी आले तेव्हा सुईत दोरा ओवायलाही मला त्यांनी शिकवलं; ऑफिसात मी नंतर गेले. त्यांच्या पेन्शनीला दोन वर्षं चार महिने उरलेत. साहेबांनी ती शेड बंद करायची ठरवली आहे. एक तारखेपासून एकोणीसच्या एकोणीस घरी.

ते असं बोलत मात्र नाहीत. वादळ आहे, तळाचा भार उतरवून गलबत हलकं करू, मोकळ्या वाऱ्यावर जाऊ, असं बोलतात. बावीस तारखेला सुकाणू दालनाचं उद्घाटन आहे. सगळे विभागप्रमुख येणार. तिथे हा निर्णय मी वाचून दाखवायचा आणि मग सही-शिक्क्याचा कागद फाटकावर लावायचा. कागद लिहायचं कामही माझ्याकडेच आलं आहे, कारण माझी भाषा चांगली आहे असं साहेबांना तुमचे शब्द वाचून वाटलं.

मी लिहिला आहे. पहिलं वाक्य असं जमलं: आपल्या नौकेने आजवर अनेक लाटा झेलल्या, आता पैलतीर गाठण्यासाठी काही सहप्रवाशांचा निरोप घेण्याची वेळ आली आहे. निरोप हा शब्द मला मऊ वाटला. मावशींना तेवढाच कमी लागेल. हे म्हणतात की डोकं खाली घाल आणि वाच, तू नाही वाचलंस तर दुसरं कुणी वाचेल, आणि मग विसावा माणूस तू असशील. त्यांचंही खरं आहे. घरात दोनच पगार.

वाक्य कसं वाटलं ते कळवा. कानउघाडणी करायची असेल तर जरा हलक्या हाताने.

तुमची,
टिकली

---

१६ मार्च

चि. टिकलीस,
आशीर्वाद. या खेपेला एकच.

उशी मिळाली. काकू खूश. तुझं वाक्य मिळालं. मी नाखूश.

सहप्रवासी म्हणे! बाई गं, सहप्रवाशाला भर पाण्यात उतरवून त्याला निरोप म्हणायची हिंमत आमच्या धक्क्यावरच्या दारूड्यांनाही झाली नव्हती. आणि मावशींना कमी लागेल हे कुणी सांगितलं तुला? त्यांना कळायला दोन दिवस जास्त लागतील, एवढाच त्या मऊपणाचा उपयोग. तू साहेबाला हसतेस, पण त्याला नुसतं चाक लावता येतं. तू त्याला तेल घालतेस. मी तुला शब्द दिले ते गादीवरच्या चादरीसारखे पसरायला नव्हते दिले.

आणि तळाचा भार! अडाण्याच्या अकलेला दाद द्यावी तेवढी थोडी. रिकाम्या गलबताच्या तळाशी मुद्दाम दगड भरतात. ते दिसत नाहीत, विकले जात नाहीत, पण गलबत उभं राहतं त्यांच्यावर. ते काढून फेकलेस तर गलबत हलकं होतं हे खरं. हलकं होतं आणि पहिल्या आडव्या लाटेला पोट वर करून झोपतं.

हलक्या हाताने म्हणाली होतीस. आता जे सांगतो ते माझ्याच कानाखाली आहे, तेव्हा फिटंफाट.

दादा, म्हणजे तुझे बाबा, फेरीबोटीचे तांडेल होते. बोट त्यांच्या हुकमावर चालायची आणि चाक माझ्या हातात. तुला एवढं ठाऊक आहे. पुढे डोळे अधू झाले म्हणून ते बोटीवरून उतरले आणि अकरा वर्षं तिकिटाच्या खिडकीत बसले, हेही तुला ठाऊक आहे. यातलं दुसरं खोटं आहे. त्यांचे डोळे शेवटपर्यंत घारीचे होते.

चाकावरचा आमचा रिवाज असा. तांडेलाने हुकूम दिला की सुकाण्याने तो जसाच्या तसा मोठ्याने परत म्हणायचा, मग चाक फिरवायचं, आणि फिरवून झालं की तेही सांगायचं. बघणाऱ्याला वाटतं, ऐकू आल्याची पोच आहे. तेवढंच नाही ते. माणसाच्या तोंडून चुकीचा शब्द निघाला तरी त्याच्या कानाला तो बरोबरच लागतो, कारण मनात बरोबर असतो. तोच दुसऱ्याने परत म्हटला की खटकतो. हुकूम परत म्हणायचा तो देणाऱ्याला ऐकू यावा म्हणून.

तू सात वर्षांची होतीस. एके दिवशी बोटीवर कुणी कापडवाला शेठ होता. मी हुकूम परत म्हणायला लागलो की तो हसायचा, पिंजऱ्यातला राघू बरा पढवलाय म्हणायचा. उतारू खिदळले. दादाही हसले, आणि मला म्हणाले की पुरे रे, मला ऐकू येतं. झालं. मी फुगलो. तिशीतला बाप्या, पण फुगलो तो लहान पोरासारखा.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं. धक्का जवळ आला आणि दादांनी डावीकडे म्हटलं. उजवीकडे म्हणायचं होतं. मला कळलं टिकले, माझ्या मनगटांना आधी कळलं. पण मी मिठाची गुळणी धरली. थोरल्याला ऐकू येतं ना, मग घ्या म्हटलं. चाक डावीकडे फिरवलं, गुपचूप. परत म्हटलं असतं तर दादांनी दुसऱ्या श्वासाला हुकूम बदलला असता, तेवढं पाणी मधे होतं. बोट धक्क्याच्या खांबांवर गेली आणि दोर झेलायला उभ्या असलेल्या हमालाचा पाय मधे सापडला. गुडघ्याखालचा गेला.

चौकशीत दादा म्हणाले की हुकूम माझा होता. सुकाण्याने परत म्हटला का असं विचारल्यावर त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, हुकूम माझा होता. ते खिडकीत बसले. मी आणखी बावीस वर्षं चाक फिरवलं आणि शेवटी हार घालून उतरलो. डोळे अधू झाल्याची थाप कुणी पहिल्यांदा मारली ठाऊक नाही, पण मी ती कधी खोडली नाही. वहिनींसमोर बसायची लाज वाटते म्हणून दादा गेल्यापासून मी तुमच्याकडे आलेलो नाही. काकूचे गुडघे हे निमित्त आहे. बिचारीचे गुडघे माझ्यासाठी फार खोटं बोललेत.

आता तुझं. तू तांडेल नाहीस आणि मालकही नाहीस. तुला हुकूम बदलता यायचा नाही, आणि नोकरी फेकून ये असं सांगायला मी कोण? घर तुझं आहे. पण हुकूम परत म्हणता येतो. जसा आहे तसा, मोठ्याने, झूल न घालता. मग ज्याचा तो जाणे.

तो कागद फाड आणि जेवून घे. लोभ आहे, आजच्या दिवस थोडा खारट.

काका

---

३० मार्च

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमच्या पत्रानंतर दोन दिवस मी तुमच्यावर रागावले होते. तिसऱ्या दिवशी राग कुणावर आहे तेच कळेना, म्हणून कागद फाडला.

बावीसला दालन भरलं होतं. भिंतीवर तुमचे शब्द, चरबीशिवाय. साहेबांनी वादळ, भार, मोकळा वारा सगळं सांगितलं. सगळ्या प्रमुखांनी माना डोलावल्या, गोदामवाल्यांनी तर टाळी वाजवली. मग मला वाचायला सांगितलं. मी उठले. मी म्हटलं की लिहिताना चूक होऊ नये म्हणून साहेबांचा हुकूम एकदा परत म्हणून दाखवते. तिसरी शेड एक तारखेपासून बंद. एकोणीस माणसं कामावरून कमी, सर्वांत नव्या माणसाची नोकरी चौदा वर्षांची. काठवाल्या मावशी कमी, ज्यांनी या खोलीतल्या निम्म्या लोकांना सुई धरायला शिकवलं, पेन्शनीला दोन वर्षं चार महिने बाकी. त्यांना तोंडी कुणी सांगायचं नाही, फाटकावरचा कागद वाचून त्यांनी समजून घ्यायचं. आणि मग विचारलं की साहेब, हे बरोबर आहे का?

काका, साहेब म्हणाले की मला असं म्हणायचं नव्हतं. मी म्हटलं, मग कसं ते सांगा, तसं परत म्हणते. त्यांनी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा नौकेपाशीच अडकले. तेवढ्यात गोदामवाले लाल होऊन उठले. तळाचा भार म्हणजे गोदामातला जुना काथ्या असं ते समजून बसले होते, टाळी त्याचीच होती. परत आलेल्या गाद्या मग उसवायच्या कुणी, तुम्ही की मी, असं त्यांनी तोंडावर विचारलं. विक्रीवाल्यांना वाटलं होतं की माणसं दुसऱ्या शेडमध्ये जाणार. प्रत्येकाने आपापल्या सोयीचं गलबत बघून मान डोलावली होती. तासभर गोंधळ झाला. कागद फाटकावर गेला नाही.

फार मोठा विजय समजू नका. शेड बंद होणारच आहे. पण चौदा जणांना शिवणखात्यात घेतलं, मावशी त्यांच्यात आहेत. तिघं आपणहून गेली. दोघांचं अजून अधांतरी आहे आणि ते मला रोज जिन्यात भेटतात. मला ऑफिसातून काढून दोऱ्याच्या रिळांच्या खोलीत बसवलंय. खिडकी एवढीशी, तिच्यातून रिळं द्यायची. बाबांच्या खिडकीसारखीच. हे चिडतील असं वाटलं होतं, तर खिडकी बघायला डबा घेऊन आले. अवकाळी पाऊस लागलाय, पितळी चाकावर आता लोक ओल्या छत्र्या अडकवतात.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. दाखवू नये असं तुम्ही लिहिलं नव्हतं. तिने वाफेचं भांडं बाजूला सारलं. मग म्हणाली की हे तिला अपघात झाला त्याच दिवसापासून ठाऊक आहे, बाबांनीच सांगितलं होतं. बाबा म्हणायचे की राघू म्हणून हसलो ती चूक माझी, डावं-उजवं ही चूकही माझी, पण त्यानंतर धाकटा माझ्या समोर बसून जेवला नाही तेवढं मात्र त्याचं. मग तिचा आवाज चढला. म्हणाली की सुकाणी म्हणे! नऊ वर्षं झाली, घराची वाट सापडेना. लिही त्याला, रविवारच्या गाडीने ये, बायकोला आण, आठ दिवस राहा, आणि माझ्यासमोर बसून जेव. एक शब्द बदलू नकोस असंही तिने मला बजावलं आहे.

म्हणून बदललेला नाही.

तुमची,
टिकली

---

३ एप्रिल

चि. टिकलीस,
अनेक आशीर्वाद, मागच्या वेळचे राहिलेलेही यातच घे.

त्या चाकाला शेवटी काम मिळालं हे वाचून बरं वाटलं. छत्र्या तरी प्रामाणिक असतात. तुझ्या कप्तानाला माझ्याकडून सांग, पंधरा दिवसांचा वर्ग करून माणूस नौकेवर चढतो, उतरायला जास्त दिवस लागतात. मी हे अधिकाराने बोलतोय. मला तीस वर्षं लागली.

जिन्यात भेटणाऱ्या त्या दोघांना टाळू नकोस. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी उभी राहा. टाळण्यात माणूस किती लांब वाहत जातो ते मला विचार.

रिळांच्या खिडकीचं वाईट वाटून घेऊ नकोस. दादांच्या खिडकीपुढची रांग कधी रेंगाळली नाही आणि कुणी चुकीच्या बोटीत बसलं नाही. मी रोज चाकावरून ती खिडकी बघायचो आणि मान फिरवायचो. शिकलेला सुकाणी ना मी, मान फिरवणं चांगलं जमायचं.

तुझी काकू कालपासून पिशव्या भरतेय. एक शब्द विचारला नाही तिने. गुडघेही गप्प आहेत.

आता वहिनींच्या हुकमाचं. मोठ्याने म्हणून मग लिहितोय, काकू साक्षीला आहे. रविवारच्या गाडीने येणे. बायकोला आणणे. आठ दिवस राहणे. वहिनींच्या समोर बसून जेवणे.

हे त्यांना वाचून दाखव आणि बरोबर आहे का ते विचार. एखादा शब्द रागाच्या भरात गेला असेल तर अजून वेळ आहे, मी काही म्हणणार नाही. शनिवारच्या आत उत्तर टाक टिकले, एक ओळ पुरे. ती येईपर्यंत चाकावर हात ठेवून उभा आहे.

तुझा,
काका